विस्तवापाशी जागा

व्हॅलेन्सियात रात्री कुणी पाएया खात नाही. समुद्रकाठच्या, प्रवाशांसाठी थाटलेल्या हॉटेलांत ती रात्री दहालाही मिळते. पण आमच्या बेनिमाक्लेत वस्तीत तसं कुणाला सांगितलं, तर समोरचा माणूस काळजीने पाहतो आणि पोट ठीक आहे ना, असं विचारतो. भात दुपारचा. त्यातही रविवारच्या दुपारचा, आजी-आजोबांच्या घरी लेकी-सुना, जावई, नातवंडं जमल्यावरचा. रात्री तो जड पडतो, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सांगतात. मी चिपळूणची, दोन्ही वेळा भात खाऊन वाढलेली, त्यामुळे पचनाचं हे कारण मला पुरेसं वाटत नाही. मला दिसतं ते असं, की पाएयाला मोकळ्यावर पेटवलेला विस्तव लागतो, दोन-अडीच तासांची फुरसत लागते आणि भोवती माणसं लागतात. कामाच्या दिवशी रात्री दमून घरी आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

बेनिमाक्लेत हे एकेकाळी वेगळं गाव होतं. वाढत्या शहराने ते पोटात घेतलं, तरी चर्चपुढचा छोटा चौक, बैठी घरं आणि एकमेकांची चौकशी करायची सवय उरली आहे. व्हॅलेन्सिया हे स्पेनमधलं तिसरं मोठं शहर. पण आमच्या वस्तीच्या टोकाला मोठा रस्ता ओलांडला की थेट शेतं लागतात. आर्टिचोक, कांदे, कोबी, लेट्यूस, चुफा. या शेतपट्ट्याला इथे 'हुएर्ता' म्हणतात. आजींचं माहेरचं घर त्या हुएर्तात आहे, जाड भिंतींचं, पुढे अंगण असलेलं. तिथल्या एका रविवारी मला बोलावणं आलं. अंगणात पोचल्यावर कुणी मला खुर्ची दिली नाही. आजींनी मांडीवर शेंगांची टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "मुली, या मोड. फार बारीक नको."

टोपलीत दोन प्रकार होते. एक चपट्या, रुंद हिरव्या शेंगा. दुसऱ्या, सोलून दाणे काढायच्या शेंगा. त्यातला पांढरा, मोठा, चपटा दाणा म्हणजे गार्रोफो. हा दाणा नसेल तर त्या भाताला व्हॅलेन्सियाची पाएया म्हणायला इथली माणसं तयार नसतात. कोंबडी, ससा, या दोन शेंगा, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, केशर, मीठ, पाणी आणि तांदूळ, एवढा तिचा ऐवज. काही घरांत तिखटाची लाल पूड, काही घरांत गोगलगायी, काही घरांत बदक, हिवाळ्यात आर्टिचोक, शेवटी रोझमेरीची एखादी काडी. कांदा नाही. कोळंबी आणि शिंपल्यांचा भात वेगळा असतो आणि चांगलाही असतो, पण तो समुद्रावरच्या माणसांचा. 2016 मध्ये एका प्रसिद्ध इंग्रज शेफने पाएयात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं तिखट सॉसेज, घातलं तेव्हा इथे खरोखरीचा राग उसळला होता. बाहेरच्यांना त्याचं हसू आलं. मला आलं नाही. ज्या पदार्थाभोवती एखाद्या प्रांताच्या सगळ्या घरांचे सगळे रविवार उभे आहेत, त्याबद्दल माणसं हळवी असणारच.

आजींचा थोरला मुलगा जाळावर होता. इथे रविवारची पाएया बहुधा पुरुष करतात, बाहेर, उघड्यावर. लाकूड संत्र्याचं. दोन कानांच्या, रुंद, उथळ लोखंडी भांड्यात आधी तेल आणि कडेने मीठ. मग कोंबडी आणि ससा, अजिबात घाई न करता, सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत. मग शेंगा. मग मध्ये आळं करून किसलेला टोमॅटो, त्यावर क्षणभर तिखटाची लाल पूड, ती जळायच्या आत पाणी. पाणी किती, हे भांडंच सांगतं: कानांचे खिळे बुडेपर्यंत. अर्धा तास ते उकळलं की सगळा स्वाद पाण्यात उतरतो. तेव्हा मीठ चाखायचं आणि किंचित जास्तच ठेवायचं, कारण तांदूळ ते ओढून घेतो. केशर घालायचं. तांदूळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधासारखा ओतायचा, पसरायचा, आणि त्यानंतर चमचा लावायचा नाही. पहिली आठ-दहा मिनिटं जाळ मोठा, मग लाकडं ओढून मंद. अठरा मिनिटांच्या आसपास भात होतो. शेवटी तळाशी तडतड ऐकू येते. ती खरवड धरल्याची खूण. तिला सोकार्रात म्हणतात आणि पंक्तीतला सगळ्यात मोठा मान तिचा. ती करपू न देता धरणं हे खरं कसब. तो माणूस भांड्याकडे कान देऊन उभा होता आणि अंगणातली सगळी माणसं आपोआप गप्प झाली होती.

मग ते भांडंच मेजाच्या मध्यावर आलं. ताटल्या नाहीत. प्रत्येकाच्या हाती लाकडी चमचा. जो जिथे बसला असेल तिथून भांड्याच्या मध्यापर्यंतचा त्रिकोण त्याचा. शेजाऱ्याच्या त्रिकोणात चमचा घालायचा नाही. आपल्याला नको असलेला तुकडा मध्यावर सरकवायचा. ज्याला हवा तो घेतो. सहा वर्षांच्या नातवापासून ऐंशी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा वाटा असा आखलेला, आणि आखणी कुठे दिसत नाही. माझ्यासाठी आजी आणि त्यांची सून सरकल्या आणि एक त्रिकोण तयार झाला. त्या दुपारी मला या शहरात बसायला जागा मिळाली. त्याआधी मी इथे राहत होते, एवढंच.

हा भात जिथून येतो ती आल्बुफेराची पाणथळ शहराच्या दक्षिणेला, बसने थोड्याच वेळात गाठता येते. समुद्रापासून अरुंद वाळूपट्ट्याने वेगळं झालेलं गोड्या पाण्याचं विस्तीर्ण तळं, आणि त्याला लागून भातखाचरं. 1986 पासून ते राखीव निसर्गक्षेत्र आहे. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी, आणि हिवाळ्यात खाचरांत मुद्दाम पाणी सोडलेलं असतं, त्यावर पक्ष्यांचे थवे उतरतात. एल पाल्मार या तिथल्या गावात भाताच्या जोडीला 'आय इ पेब्रे' मिळतं. वाम मासा, लसूण आणि तिखट घातलेला पातळ रस्सा. व्हिसेंते ब्लास्को इबान्येस या इथल्या कादंबरीकाराने 1902 मध्ये याच तळ्याकाठच्या कोळ्यांवर आणि शेतकऱ्यांवर 'कान्यास ई बार्रो' लिहिली. भातशेतीला आसुसलेले लोक तळ्याचं पाणी मातीने बुजवत जमीन कशी करत, हे त्या कादंबरीमुळे दूरदूरच्या वाचकांना कळलं. मध्ययुगात राजांनी शहराजवळ भात लावायला वेळोवेळी मनाई केली होती, कारण साचलेल्या पाण्याने हिवताप पसरे. म्हणजे आज ज्या अन्नावर शहराची ओळख उभी आहे, ते एके काळी पोटासाठी जीव धोक्यात घालून पिकवलेलं आहे.

तांदूळ इथे आणला तो अरबांनी. पाटाच्या पाण्याची व्यवस्था त्यांच्या काळात रुजली आणि वाढली. 1238 मध्ये जाउमे राजाने शहर जिंकलं, धर्म बदलला, सत्ता बदलली; पाण्याच्या वाटपाचा रिवाज मात्र त्याने पूर्वीचाच चालू ठेवला. त्या रिवाजाचं न्यायालय आजही भरतं. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथीड्रलच्या एका दारासमोर काळे अंगरखे घातलेले शेतकरी गोल बसतात. कालव्यांचे हे निवडून दिलेले प्रतिनिधी. कुणी आपल्या पाळीबाहेर पाणी घेतलं, कुणाच्या हलगर्जीपणाने शेजाऱ्याचं शेत बुडालं, असे तंटे ते तोंडी ऐकतात आणि निकाल तोंडीच देतात. वकील नाही, लांबलचक खटला नाही, वरचं अपील नाही. युनेस्कोने 2009 मध्ये या पाणीन्यायालयाला वारसा म्हणून मान्यता दिली. बहुतेक गुरुवारी तक्रार नसते आणि पाच मिनिटांत सगळं आटोपतं. जमलेले प्रवासी हिरमुसतात. मला मात्र तक्रार नसलेला गुरुवार जास्त मोलाचा वाटतो: इतक्या शेतांना पाणी मिळालं आणि कुणाचा वाटा कुणी खाल्ला नाही.

आमच्या वस्तीपलीकडच्या आल्बोराया गावचं ओर्चाता हे चुफाचं पेय याच पाण्यावरचं. चुफा म्हणजे जमिनीखाली वाढणारे लहान, सुरकुतलेले कंद. आपल्याकडे शेतात तण म्हणून उपटतात त्या लव्हाळ्याचा, म्हणजे नागरमोथ्याचा हा सख्खा भाऊबंद, एकाच वंशाचा. कंद भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून गार करतात. दुधासारखं दिसणारं, पण दुधाचा थेंबही नसलेलं पेय. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लांबट, मऊ 'फार्तोन' पाव त्यात बुडवून खाणारी कुटुंबं रस्त्यावर बसलेली असतात. आणि सकाळी दहाच्या सुमाराचा 'एस्मोर्सारेत' तर इथल्या कष्टकऱ्यांचा हक्कच: लांब पावात ऑम्लेट किंवा मांस, बशीभर ऑलिव्ह आणि शेंगदाणे, शेवटी रम पेटवून केलेली दालचिनी-लिंबाच्या सालीची कॉफी. गवंडी, नळदुरुस्तीवाला, बँकेतला साहेब, सगळे एकाच फरसावर.

पण हे शहर कळायचं असेल तर मार्च महिना इथे काढायला हवा.

1 मार्चपासून 19 मार्चपर्यंत रोज दुपारी 2 वाजता नगरपालिकेच्या चौकात 'मास्क्लेता' होते. दोरांना ओळीने टांगलेल्या फटाक्यांची ही पाच-सात मिनिटांची आतषबाजी भर उन्हात होते, कारण ती पाहण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी असते. आधी सुटे बार, मग लय, मग ती लय चढत जाते, आणि शेवटच्या मिनिटात जमीन आणि आकाश एकाच वेळी फुटावं तसा गडगडाट. इथले लोक त्याला भूकंपच म्हणतात. आवाज कानांपेक्षा छातीत ऐकू येतो. संपलं की हजारो माणसं टाळ्या वाजवतात आणि दारू उडवणाऱ्या उस्तादाची तारीफ किंवा चिकित्सा करत जेवायला पांगतात: मधला भाग चांगला बांधला होता, शेवट जरा लवकर आला. आजींचं वय झालं, चौकात जाववत नाही. त्या बाल्कनीत उभ्या राहून दूरवरून येणाऱ्या आवाजावर मत देतात आणि ते बहुधा बरोबर असतं.

फायास हा सण सुतारांपासून सुरू झाला, असं परंपरा सांगते. हिवाळाभर ज्या लाकडी दिवठाणावर दिवे टांगून काम चाले, ते वसंत आला की नकोसं होई. 19 मार्च हा संत योसेफाचा, म्हणजे सुतारांच्या पालक संताचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी ते दिवठाण आणि दुकानातला भुसा-ढलप्या दारापुढे जाळत. पुढे त्या लाकडावर जुने कपडे चढले, टोपी आली, चेहरा आला, मग गल्लीतल्या एखाद्या कंजूष किंवा उद्धट माणसासारखा तो दिसू लागला. आज त्याचे डोलारे झाले आहेत. शहरात पावणेचारशेच्या वर वस्त्या आपापली फाया उभारतात, मोठी आणि तिच्या शेजारी मुलांची. काही चार-पाच मजली इमारतीच्या उंचीला भिडतात. त्यांवरच्या पुतळ्यांना 'निनोत' म्हणतात. त्यांत मंत्री असतात, महापौर असतात, घरभाडी वाढवणारे असतात, आपण सगळे असतो. खाली पाट्यांवर व्हॅलेन्सियन भाषेत तिरकस ओळी. वर्षभर कारागिरांनी खपून केलेलं हे काम 15 मार्चला उभं राहतं आणि 19 च्या रात्री जळतं. 1934 पासून लोकांच्या मतांनी दर वर्षी निनोत वाचवायची रीत आहे. वाचलेले निनोत फायासच्या संग्रहालयात ठेवले जातात. तिथे हिंडताना लक्षात येतं, की लोकांनी बहुतेक वेळा पुढाऱ्यांची टवाळी करणारे पुतळे वाचवलेले नाहीत. वाचवले आहेत ते आजी-आजोबांचे आणि नातवंडांचे.

या सगळ्यामागे असतं वस्तीचं 'कसाल'. तळमजल्यावरची एखादी मोठी खोली, फोल्डिंगच्या खुर्च्या, भिंतीवर जुन्या वर्षांचे फोटो, मागे स्वयंपाकाचा ओटा. सभासद वर्षभर वर्गणी भरतात, लॉटरीची तिकिटं विकतात, दर आठवड्याला जेवायला जमतात. अशा जेवणाला ज्याचं त्याने आपलं आणायचं असतं. मी एकदा छोल्यांचं पुरण करून पुरणपोळ्या नेल्या. अध्यक्षबाईंनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की या किती माणसांसाठी करता येतील. मार्चच्या यादीत माझं नाव तेव्हापासून आहे.

यादीतली कामं साधी. कार्नेशनच्या जुड्या बांधायच्या. मुलांसाठी चॉकलेट ढवळायचं. रस्त्यावर पाएया करायच्या दिवशी डांबर वितळू नये म्हणून आधी वाळू पसरायची असते. ती पोती उघडायची आणि नंतर ती वाळू भरून ठेवायची. भोपळ्याच्या पिठाचे बुन्युएलो तळणाऱ्या बाईंच्या हाताशी उभं राहायचं. त्या ओल्या बोटांनी पिठाचा गोळा उचलतात, अंगठ्याने मध्ये भोक पाडतात आणि तो कढत तेलात अलगद सोडतात, इतक्या वेगाने की नजर पोचत नाही. पहाटे उशिरापर्यंत नाचलेली तरुण मुलं सकाळी आठला पुन्हा रस्त्यात फटाके आपटत वस्तीला उठवतात. बँड वाजत असतो. हे वादक बहुतेक जवळपासच्या गावांतले, कारण या प्रांतात जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःची बँड संस्था आहे.

17 आणि 18 मार्चला फुलं वाहायची मिरवणूक निघते. भरजरी रेशमी घागरे, केसांचे तीन अंबाडे, सोनेरी कंगवे ल्यालेल्या बायका आणि मुली आपापल्या वस्तीतून कॅथीड्रलमागच्या चौकापर्यंत चालत जातात. तिथे निराधारांच्या मातेची, व्हर्जेनची म्हणजे कुमारी मेरीची, चौदा-पंधरा मीटर उंच लाकडी आकृती उभी असते. तिचं फक्त मुख आणि हात कोरलेले. अंगावरचं वस्त्र या बायकांनी आणलेल्या फुलांनी दोन दिवसांत भरत जातं. लाकडी चौकटीवर चढलेली माणसं खालून फेकलेल्या जुड्या झेलतात आणि ठरलेल्या रंगसंगतीत खोचतात. चौकात पाऊल टाकताना बहुतेकींना रडू फुटतं. आमच्या कसालमधली एक तरुण परिचारिका, एरवी अतिशय खंबीर, आजीचा फोटो पदकात घालून चालत होती. तिला चौकाच्या कडेला धरून उभं करावं लागलं. मी त्या धर्माची नाही. तरी माझ्या हातातली जुडी वर गेली तेव्हा माझेही डोळे भरले. त्या फुलांत मी बांधलेली फुलं होती.

आणि मग क्रेमा, जाळण्याची रात्र. शिमगा हा आमच्या कोकणातला सगळ्यात मोठा सण. त्याला मुंबईचे चाकरमानी घरी येतात, पालखी घरोघर फिरते, होम लागतो. माझ्या लहानपणी आमच्या वाडीच्या होमाला प्रत्येक घरातून लाकूड जाई. कुणाचं किती, हे कुणी मोजत नसे. कुणाचं आलं नाही, हे सगळ्यांना कळे. शिमग्याच्याच दिवसांत या परक्या शहरात चौकाचौकांत लोक पुन्हा विस्तवाभोवती कडं करून उभे राहतात, तेव्हा मला घरापासून लांब असल्यासारखं वाटत नाही. आधी मुलांची छोटी फाया जळते. ज्या पोरांनी तिच्याभोवती आठवडाभर खेळ मांडलेले असतात ती हुंदके देऊन रडतात आणि त्यांना कुणी गप्प करत नाही. मग मोठीची वात पेटवतात. अरुंद गल्ल्यांत अग्निशमन दलाचे लोक समोरच्या घरांच्या भिंतींवर पाणी मारत उभे असतात. उष्णता चेहऱ्याला भिडते, कडं मागे सरकतं. कारागीर, ज्याने हे केलं, तोही तिथेच उभा असतो आणि जळतं कसं, कुठल्या बाजूला कलतं, हे बारकाईने पाहत असतो.

या सणात मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत, आणि कसालमध्येही त्यांवर भांडणं होतात. पुठ्ठा, कापड आणि मेण जाऊन निनोत आता मोठ्या प्रमाणावर थर्माकोलचे झाले. त्याचा काळाकुट्ट धूर खिडक्यांत शिरतो. काही कारागीर पातळ लाकडी पट्ट्यांच्या जुन्या पद्धतीकडे वळले आहेत. त्यांना पैसा आणि मान दोन्ही जास्त मिळायला हवा. आजारी माणसं, तान्ही मुलं आणि कुत्री यांचे या दिवसांत हाल होतात. आणि शहराच्या मध्यावर प्रवाशांची इतकी दाटी होते, की तिथले जुने रहिवासी दारं लावून गावाला निघून जातात. सण पाहायला येणाऱ्यांची संख्या करणाऱ्यांपेक्षा फार वाढली की सणाचा तमाशा होतो. ती वेळ मध्यवस्तीत जवळ आली आहे, असं माझं मत आहे. आमच्यासारख्या कडेच्या वस्त्यांत ती अजून आलेली नाही.

वर्षाचे बाकीचे सण अंगावरून हलके जातात, पण प्रत्येकाचं खाणं ठरलेलं. ईस्टरला 'मोना', म्हणजे मधोमध उकडलेलं अंडं बसवलेला गोड पाव. मुलं ते अंडं शेजारच्याच्या कपाळावर फोडतात आणि पतंग उडवायला जातात. संत योहानाच्या रात्री मालवारोसाच्या वाळूत शेकोट्या. 9 ऑक्टोबरला प्रियजनांना रेशमी रुमालात बांधून दिलेली मार्झिपानची चिमुकली फळं. वर्ष संपताना घड्याळाच्या ठोक्यागणिक एक, अशी बारा द्राक्षं.

29 ऑक्टोबर 2024 ला पश्चिमेकडच्या डोंगरांत प्रचंड पाऊस पडला आणि एरवी कोरडा असणारा पोयोचा ओढा पायपोर्ता, कातार्रोखा अशा गावांतून भिंतीसारखा आला. त्यातल्या अनेक ठिकाणी पाऊस जेमतेम झाला होता. व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसं गेली. शहर वाचलं, कारण 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून दक्षिणेला वळवलेली आहे आणि जुन्या पात्रात आता बाग आहे. पाणी त्या नव्या पात्राच्या पलीकडे राहिलं. अलीकडे दिवे होते, दुकानं उघडी होती. पलीकडे अंधार आणि चिखल.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या माहेरच्या घराचा तळमजला बुडाला होता. मी इथे होते आणि महासाथीमुळे जाता आलं नव्हतं. ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. या वेळी मी चालत जाऊ शकत होते. पात्रावरच्या पादचारी पुलावरून हजारो माणसं, बहुतेक विशी-पंचविशीची, खांद्यावर फावडी आणि झाडू घेऊन, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन पलीकडे निघाली होती. आमच्या कसालची टोळी त्यांत होती. भावाने चिपळूणहून फोनवर सांगितलं, "ताई, चिखल ओला आहे तोवर ओढून काढा, वाळला की दगड होतो. आणि आधी गटारांची तोंडं मोकळी करा, नाहीतर काढलेलं सगळं परत घरात येईल." मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि आमच्या गल्लीत कामाची दिशा त्याप्रमाणे ठरली. ज्या बाईंचं घर आम्ही उपसत होतो त्यांनी कपाटातून चिखलाने जड झालेला रेशमी घागरा काढला आणि कुणाच्या हातात द्यावा हे न कळून तशाच उभ्या राहिल्या. आमच्या परिचारिकेने तो दोन्ही हातांवर घेतला.

त्या आठवड्यांत शहरातली कितीतरी कसालं मदतीची कोठारं झाली. आमच्या ओट्यावर मसूर आणि भात शिजत होता, सणातल्याच मोठ्या भांड्यांत. कुणी कुठे उभं राहायचं, यादी कुणी करायची, गाडी कुणाची, हे ठरवायला सभा घ्यावी लागली नाही. ही माणसं वर्षानुवर्षं एकत्र खुर्च्या उचलत आली होती. गावांतल्या बँडची वाद्यं चिखलात गेली होती, फायासची अर्धीमुर्धी कामं गेली होती, तरी 2025 च्या मार्चमध्ये सण झाला. व्हावा की नाही, यावर वाद होता. दुःखात फटाके कशाला, असं म्हणणाऱ्यांचं मन मला कळतं. तरी व्हायलाच हवा होता, या बाजूची मी होते. निनोत घडवणारे, घागरे शिवणारे, फुलं पिकवणारे, बँडचे वादक, या सगळ्यांची वर्षाची मिळकत त्यावर असते. आणि चिखल उपसणाऱ्या माणसांना पुन्हा एकत्र उभं राहायला विस्तव हवा होता.

शिकायला किंवा नोकरीला या शहरात येणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं सांगणं आहे. मार्चमध्ये मध्यवस्तीत जरूर फिरा, फोटो काढा. पण 20 मार्चला कसालचं नवं वर्ष सुरू होतं. तेव्हा आपल्या वस्तीच्या कसालमध्ये जा, नाव घाला, वर्गणी भरा आणि काम काय आहे ते विचारा. भाषा तोडकीमोडकी चालते. जाताना घरचं काहीतरी खायला न्या. बहुतेक कसालं शुक्रवारी रात्री उघडी असतात.